दाजींनी रंगवलेली पट्टी

"आधी वारा बघा, मग आग," असे दाजी म्हणत. बंबावर नव्याने आलेल्या माणसाला तर म्हणतच, पण साहेबांकडे रजा मागायला निघालेल्या ड्रायव्हरलाही म्हणत, आणि शेजारणीला दोन शब्द सुनवायला तावातावाने निघालेल्या बायकोलाही म्हणत. बायको म्हणे, "गॅसवर भाजीचा कोळसा होईल, पण हा माणूस दारात उभा राहून आधी वारा बघेल."

दाजींच्या कामात मात्र ते बोलणे शंभर टक्के खरे होते. पेटणारे रसायन रस्त्यावर सांडले की लोकांची नजर त्या ओल्या डागाकडे जाते. खरा वैरी डागात नसतो. डागावरून जी वाफ उठते ती दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, जमिनीला पोट घासत सरपटते, गटारात उतरते, खड्ड्यात दबा धरून बसते आणि वारा नेईल तिकडे जाते. चुकीच्या बाजूने आलेला माणूस गुडघाभर वाफेत उभा असतो आणि त्याला वाटते, आपण कोरड्या रस्त्यावर आहोत. म्हणून बंबातून उतरले की दाजी खिशातला रुमाल काढून हवेत धरत. तो कुठे फडफडतो ते बघत. मग पाठीवर वारा घेऊन पुढे जात. तोवर सगळे थांबत. साहेबही थांबत.

चौकी रसायनांच्या डेपोला लागून होती. पत्र्याची एक उंच शेड, तिच्यात फेसाचा बंब, भिंतीला नळ्यांची मांडणी, कोपऱ्यात हात धुवायचा नळ आणि एक लांब बाक. मागे डेपोच्या पांढऱ्या गोल टाक्या, पुढे रस्ता. त्या रस्त्याने दिवसभर टँकर जात. कशात थिनर, कशात स्पिरिट, कशात नुसते नाव घेतले तरी जीभ वळू नये असले काही. त्यातला एखादा कलंडला की चौकीची घंटा वाजे.

दाजी चौकीच्या सामानाचे कारभारी होते. नळी सुकवून गुंडाळावी ती त्यांनीच. भिंतीवर ओळीने मांडलेल्या गुंडाळ्यांची तोंडे एका रेषेत असत, जणू कुणी दोरी धरून लावली आहेत. तोट्यांच्या आट्यांना ते बोटाने ग्रीस लावत, कापडाने नाही, कारण बोटाला खडा कळतो, कापडाला कळत नाही. आणि त्यांना रंगाचा षौक होता. लाल रंग. कुठे ओरखडा दिसला की दाजी डबा आणि ब्रश घेऊन हजर. ड्रायव्हर म्हणे, "दाजींसमोर पाच मिनिटं गप उभं राहू नका रे, रंगवून टाकतील."

फेस टाकावा तोही दाजींनीच. पेटलेल्या द्रवावर पाणी मारले तर द्रव पाण्यावर तरंगतो आणि आग घेऊन गावभर हिंडतो. म्हणून फेस लागतो. पण फेसही धसमुसळेपणाने आगीच्या पोटात मारायचा नसतो. तो अलीकडे जमिनीवर नाहीतर पलीकडच्या भिंतीवर मारायचा आणि हळूहळू घसरत जाऊ द्यायचा. दुधावर साय धरते तसा तो द्रवावर पसरतो, वाफ खाली कोंडते, आग उपाशी मरते. आणि एकदा साय धरली की तिच्यात पाय घालायचा नाही. दाजींचा फेस असा सरकत जाई की बघणाऱ्याने जागीच उभे राहावे.

दाजी हे काही त्यांचे नाव नव्हे. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याच शब्दावर चौकीत लागला. तो त्यांना दाजी म्हणे, म्हणून सगळी चौकी दाजी म्हणू लागली. मग त्याला काय म्हणायचे, तर मेव्हणे. तेही रुळले. साहेब वायरलेसवर सांगत, "दाजी आणि मेव्हणे पुढे जा, बाकीचे मागे थांबा." एका टँकरवाल्याने ते ऐकले आणि विचारले, "ही माणसं आग विझवायला आलीत की सोयरीक जुळवायला?" दाजी मात्र त्याला मेव्हण्या म्हणत. मेव्हण्याचे हात फार हुशार होते. डोळे बांधून नळीला तोटी लावावी, आणि लावताना तोंडाने शीळ घालावी, अशी त्याची तऱ्हा. दाजींचा स्वभाव संथ, मेव्हणा चपळ. दोघे मिळून एक माणूस पुरा होई, असे चौकीत म्हणत.

आता त्या पट्टीचे सांगतो.

चौकीत चाकांवरची एक लोखंडी टाकी होती. टँकर गळायला लागला की आतला माल पंपाने ओढून या टाकीत घ्यायचा. रसायन नळीतून धावले की त्याच्यासोबत वीज साठते. गोधडी झटकताना चट् असा आवाज येतो, तसली. गोधडीत ती गंमत असते, थिनरच्या वाफेत ती काडी असते. म्हणून नळी जोडायच्या आधी तार जोडायची. तारेचे एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला, दुसऱ्या टोकाला दातांचा चिमटा. तो चिमटा टाकीच्या अंगावरच्या पितळेच्या पट्टीला लावायचा. दात धातूत रुतले की वीज मुकाट जमिनीत उतरते. हे काम मेव्हण्याचे. ती पट्टी हातभर लांबसुद्धा नव्हती. चार बोटे रुंद, वीतभर लांब, काळपट हिरवी पडलेली.

नऊ वर्षांपूर्वी वरचे अधिकारी चौकी बघायला येणार होते. दाजींनी आठवडाभर आधीपासून कंबर कसली. बंब धुतला, पायऱ्या घासल्या, टाकी नव्याने रंगवली. लाल टाकी आरशासारखी दिसू लागली आणि तिच्यावर ती हिरवी पट्टी डोळ्यांत खुपू लागली. दाजींनी तिच्यावरून ब्रश फिरवला. दुसऱ्या दिवशी आणखी एकदा फिरवला. ही पट्टी कशासाठी आहे हे दाजींना ठाऊक नव्हते का? त्यांनीच किती जणांना शिकवले होते. पण हाताला लय लागली होती, ब्रश चालत होता, आणि चालत्या हाताला त्यांनी थांबवले नाही. एवढेच. पुढे त्या 'एवढेच'पाशी ते कितीदा तरी येऊन थांबले.

अधिकारी आले, बघून खूश होऊन गेले. साहेबांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर चार दिवसांनी भर दुपारी घंटा वाजली.

वळणावर एका टँकरचे मागचे चाक चरात उतरले होते. टँकर एका अंगाला झुकलेला, खालची तोटी तडकलेली, बोटाएवढ्या धारेने थिनर गळत होते. दाजींनी रुमाल धरला. वारा शेताकडे जात होता, वस्ती मागे होती. रस्ता दोन्हीकडून बंद केला, इंजिने बंद केली, गटाराच्या तोंडावर वाळूचा बांध घातला. दाजींनी थारोळ्यावर फेसाची साय धरवली. सगळे जसे व्हावे तसे होत होते. मेव्हण्याने टाकी ओढत आणली, सळई ठोकली, चिमटा लावला, मग नळी टाकीच्या तोंडाशी धरली आणि पंप सुरू करायची खूण केली. दाजींची त्याच्याकडे पाठ होती.

पाठीमागे हुप्प असा आवाज झाला. मोठा नाही. कुणी गाल फुगवून दिवा विझवावा तेवढा. दाजी वळले तेव्हा टाकीच्या तोंडाशी ज्वाळा होती आणि मेव्हण्याचे दोन्ही हात त्या ज्वाळेत होते.

दाजींनी काय केले ते सगळ्यांनी पाहिले. ते ओरडले नाहीत, धावले नाहीत. फेसाची नळी वळवली, टाकीच्या मागच्या पत्र्यावर धार धरली आणि फेस तोंडावरून खाली ओघळू दिला. ड्रायव्हरने नंतर सांगितले, अकरापर्यंत मोजून होईतो आग गेली होती. टँकर पेटला नाही. रस्त्यापलीकडची वस्ती वाचली. मेव्हणाही वाचला. त्याचे हात तेवढे राहिले नाहीत, म्हणजे होते, पण पूर्वीचे नव्हते.

दोन दिवसांनी दाजी चौकीत टाकी धूत होते. शेडमध्ये दुसरे कुणी नव्हते. फेसाचा वाळलेला थर पाण्याने निघाला आणि खालून पट्टी दिसली. लालभडक. तिच्यावर चिमट्याच्या दातांचे दोन ठसे होते. रंगात उमटलेले, बारीक, उंदराने साबणाला दात लावावे तसे. पण रंगाच्या खाली गेलेले नव्हते. पितळ कुठे दिसत नव्हते.

दाजी बाकावर बसले. नळाचे पाणी वाहत राहिले.

मेव्हण्याने चिमटा लावला होता. लावला होता, आणि चिमटा रंगाला धरून बसला होता. वीज जमिनीत उतरलीच नव्हती.

दाजींनी उठून कानस आणली आणि पट्टी घासली. रंग निघाला, ठसे निघाले, पितळ सोन्यासारखे झाले. लपवायचे म्हणून घासली नाही, असे त्यांनी नंतर स्वतःला हजारदा सांगितले. घंटा केव्हाही वाजली असती. टाकी तयार ठेवणे हे त्यांचे काम होते. पट्टीवर रंग ठेवून चालणार नव्हते. हे सगळे खरेच होते, आणि म्हणूनच त्याच्या आडोशाला बसणे इतके सोपे गेले.

तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. मेव्हण्याच्या दोन्ही हातांचे पांढरे गाठोडे करून उशांवर ठेवले होते. आठवीतली त्याची पोर चमच्याने त्याला पाणी पाजत होती.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "सगळे म्हणतायत चिमटा जमिनीवर पडलेला सापडला. मी लावला होता. तुम्ही बघितलं ना?"

दाजी म्हणाले, "माझी पाठ होती रे."

तेही खरेच होते.

चौकशी झाली. तिघे जण आले. त्यांनी चिमटा पट्टीला लावला, पट्टीला आणि सळईला बॅटरीच्या दिव्याची तार जोडून बघितली, दिवा लख्ख पेटला. सामानात दोष नाही, असे त्यांनी लिहिले. चिमटा जागेवर नव्हता, म्हणजे लावलेला नव्हता, असेही लिहिले. मेव्हण्याला बंबावरून काढून डेपोच्या फाटकावर बसवले. दाजींना कौतुकाचे पत्र आले. बायकोने त्याला चौकट करून बाहेरच्या खोलीत, शिरताच दिसेल असे लावले. रोज सकाळी ती त्याच्यावरून फडके फिरवी.

बायको मेव्हण्याची थोरली बहीण. त्याच्यावर तिचा जीव होता, म्हणून तिची जीभही त्याच्यावरच चाले. रविवारी तो पोरीला घेऊन जेवायला येई. बोटे आखडलेली, घास मुठीत धरून खाई. ताटातले काही सांडले की ती म्हणे, "लहानपणापासून वेंधळाच तू. शाळेत दप्तर विसरायचास, दुकानात पिशवी विसरायचास. आणि नको तिथे चिमटा विसरलास. यांनी धावून वाचवलं म्हणून, नाहीतर या पोरीचं काय झालं असतं?"

"बरं ताई," मेव्हणा म्हणे.

दाजी ताटात बघून जेवत.

पहिली तीन वर्षे मेव्हणा भांडायचा. "लावला होता, ताई. मला या बोटांना आठवतंय." पुढे त्याचा आवाज उतरू लागला. चौथ्या वर्षी एका रविवारी बायको आत भांडी घासत होती, पोर तिला हातभार लावत होती, आणि दोघे पुरुष बाहेरच्या खोलीत त्या चौकटीखाली बसले होते. मेव्हणा म्हणाला, "दाजी, खरं सांगू? मला आता वाटतं मी नव्हताच लावला."

दाजींनी मान वर केली.

"रोज इतके जण म्हणतात. सगळे कशाला खोटं बोलतील? हल्ली घराला कुलूप लावलं तरी मी तीनदा माघारी जाऊन ओढून बघतो. गॅस बंद केला की पोरीला विचारतो, बंद आहे ना? माझा माझ्या हातावर भरवसाच उरला नाही. ते जळले त्याचं एवढं नाही वाटत. ते खोटारडे निघाले, त्याचं वाटतं."

तेव्हा सांगता आले असते. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मधे कुणी नव्हते, शब्दही फार लागले नसते. दाजींनी तांब्या उचलून त्याच्या पेल्यात पाणी ओतले. पेला भरून वर आला, तरी ओतत राहिले. मेव्हणा हसला. "बघा, आता तुम्हीही वेंधळे झालात."

त्यानंतर मेव्हणा आणखी एक पायरी चढला, किंवा उतरला म्हणा. डेपोत दर वर्षी नव्या-जुन्या कामगारांना चौकीच्या अंगणात शिकवणी असे. साहेब बदलून नवे आले होते. त्यांना वाटले, झालेली चूक चुकणाऱ्याच्याच तोंडून ऐकवली तर लोक लक्षात ठेवतील. मेव्हणा हो म्हणाला. दर वर्षी तो सगळ्यांसमोर उभा राही, हात पुढे करी आणि सांगे, "मी चिमटा लावला नाही. एका मिनिटाचं काम. बघा हे." दाजी त्याच टाकीजवळ तार घेऊन उभे असत, कारण त्याच्या बोलण्यानंतर चिमटा कसा लावायचा ते त्यांनी दाखवायचे असे. पाच वर्षे त्यांनी ते दाखवले. पट्टी ते रोज सकाळी स्वतः घासत. रंगाला त्या दिवसापासून त्यांनी हात लावला नव्हता. ड्रायव्हर म्हणे, "दाजी म्हातारे झाले, षौक संपला."

या वर्षी मेव्हण्याची पोर डेपोच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. आठवीतली पोर शिकून मोठी झाली होती. शाळेत जायच्या आधी बापाच्या सदऱ्याची बटणे लावणारी ती पोर, अजूनही लावत होती. शिकवणीच्या यादीत तिचे नाव आले. दोन दिवस आधी ती जेवणाच्या सुट्टीत चौकीत आली आणि दाजींशेजारी बाकावर बसली.

"आतोबा, परवा बाबा बोलणार ना?"

"बोलतील."

"मी आधी ठरवलं होतं, दांडी मारायची. मला ते ऐकवत नाही. शाळेत मुली म्हणायच्या, हिच्या बाबांनी टँकर पेटवला." तिने पायातली चप्पल सरळ केली. "पण आता ठरवलंय, पुढेच बसायचं. चूक तर कुणाचीही होते. चारचौघांत उभं राहून सांगायची हिंमत कुणात असते? माझ्या बाबांच्यात आहे."

ती उठून गेली. ड्रायव्हरने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

त्या दुपारी दाजींनी मांडणीवरचा रंगाचा डबा खाली काढला. झाकण चिकटले होते, पेचकसाने उचकटावे लागले. वर जाड कातडी धरली होती. ती बाजूला करून खालचा पातळ रंग घेतला. टाकीच्या पट्टीला त्यांनी हात लावला नाही, तेवढे भान होते. भंगारात पितळेचा तसाच तुकडा होता. तो लोखंडाच्या एका सपाट पाटीवर घट्ट बसवला आणि रंगवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवला. ड्रायव्हर खूश झाला. "आले बाबा, दाजी माणसात आले."

शिकवणीच्या दिवशी अंगणात तीसेक माणसे होती. खुर्च्या, मधे टाकी, एका बाजूला साहेब. पोर पहिल्या रांगेत. मेव्हणा पुढे आला, सदऱ्याची बटणे नीट लावलेली. त्याने हात पुढे केले आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "हे बघा. मी त्या दिवशी चिमटा लावला नाही."

"लावला होता," दाजी म्हणाले.

मेव्हण्याने मागे बघितले. साहेबांना वाटले ऐकण्यात चूक झाली. "दाजी, तुमचं नंतर आहे. त्यांचं होऊ द्या."

"त्याचं कधीच होऊन जायला हवं होतं, साहेब." दाजींनी ती पाटी टाकीवर ठेवली, दिव्याची तार सळईला आणि पाटीला जोडली, आणि चिमटा मेव्हण्यापुढे धरला. "मेव्हण्या, हा या पट्टीला लाव."

"माझ्या बोटांना आता..."

"जमेल. सावकाश लाव."

मेव्हण्याने दोन्ही तळव्यांमध्ये चिमटा दाबला आणि लाल पट्टीवर सोडला. चिमटा बसला. सगळे दिव्याकडे बघू लागले. दिवा पेटला नाही.

"लागलाय ना?" दाजींनी विचारले.

"लागलाय."

"दिवा का पेटला नाही?"

पहिल्या रांगेतून पोर म्हणाली, "रंगामुळे. रंगातून वीज जात नाही."

"बरोबर," दाजी म्हणाले. "आता काढ तो."

मेव्हण्याने चिमटा काढला. लाल रंगात दोन बारीक ठसे उमटले होते. दाजींनी त्यांच्यावर बोट ठेवले नाही, नुसते दाखवले. मग ते तीस माणसांशी नाही, त्याच्या एकट्याशी बोलले. आवाज नेहमीसारखा संथ होता, फक्त मधे मधे थांबत होता.

"असेच दोन होते. टाकीवरच्या पट्टीला. तू दवाखान्यात पडला होतास तेव्हा टाकी धुताना मी बघितले. पट्टी मी रंगवली होती, अधिकारी येणार म्हणून. तू चिमटा लावला होतास, नंतर माझ्या फेसाच्या लोंढ्यात तो निसटून पडला असणार. मी कानस घेतली आणि ठसे घासून टाकले. आणि तिसऱ्या दिवशी तुला सांगितलं, माझी पाठ होती."

मागे डेपोत कुठेतरी पंप सुरू झाला, त्याची घरघर ऐकू येत राहिली.

"दाजी," साहेब उठून म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? जुनी चौकशी बंद झालेली आहे."

"उघडा मग. मी सही करतो."

मेव्हण्याने ती पाटी उचलून जवळ धरली. अंगठ्याच्या टोकाला तेवढे अजून कळत होते. ते त्याने ठशांवरून फिरवले, पुन्हा फिरवले.

"दोनच होते?"

"दोनच."

"म्हणजे घसरला नव्हता, घट्ट बसला होता."

"चांगला बसला होता. तू जसा लावायचास तसाच."

मेव्हणा खाली बसला. खुर्ची नव्हती, टाकीच्या चाकावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी सुटल्यासारखे आले. कितीतरी दिवसांनी आपले माणूस घरी परतले की चेहरा होतो तसा. दाजींनी ते बघितले. पण ते टिकले नाही. मागून दुसरे काही वर आले आणि त्याने ते झाकून टाकले.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "दर रविवारी एका पंगतीला बसलो आपण."

"हो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, मला माझ्या हातांचा भरवसा उरला नाही. तुम्ही पाणी ओतत होता."

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलं? रंगवल्याचं मी काही मनात धरलं नसतं, दाजी. रंगाचं काय, तुम्ही तर मलाही रंगवला असता." मागे कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. "पण पोरगी ऐकत मोठी झाली. मी स्वतः तिला सांगत आलो, बाबांची चूक झाली म्हणून. तुम्ही ऐकत होता."

मनात बरेच काही तयार करून दाजी आले होते, घंटा केव्हाही वाजली असती, टाकी तयार ठेवायला हवी होती, ते सगळे. त्यातले एकही तोंडातून निघण्याजोगे उरले नव्हते. "माझं चुकलं," एवढेच ते म्हणाले, आणि तेही इतक्या उशिरा किती लहान दिसते ते त्यांना तिथेच कळले.

पोर उठून बापाजवळ आली होती. तिने दाजींकडे बघितले. परवा बाकावर शेजारी बसलेली ती पोर ही नव्हती. तिने त्यांना आतोबा म्हटले नाही. बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

साहेबांनी घसा साफ केला. "जबाब उद्या घेऊ. आज दाजी, तुम्ही..."

"आज त्यांना घरी जाऊ द्या," मेव्हणा म्हणाला. मग दाजींकडे न बघता, "ताईला मी सांगणार नाही. तिनं मला काय काय ऐकवलंय ते तुम्ही जेवता जेवता ऐकलंत. तिला तुम्हीच सांगा. आणि आत्ताच सांगा. उद्या पुन्हा तुमचा हात आखडेल."

"सांगतो."

"ती तुम्हाला बोलेल."

"बोलू दे."

"मला बोलायची तसं नाही बोलणार. गप्प बसेल. मी ओळखतो तिला. ते जास्त वाईट."

दाजींनी मान हलवली. डोक्यावरचे हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवले, तार गुंडाळायला वाकले, मग ती तशीच सोडून सरळ झाले. तीस वर्षांत त्यांनी सामान पसरलेले टाकून अंगण सोडले नव्हते. खुर्च्यांच्या मधून वाट होती, तिने ते निघाले. लोकांनी पाय आत घेतले. फाटक उघडेच होते. ते रस्त्याला लागले, डाव्या हाताला वळले आणि टाक्यांच्या कुंपणाकडेने चालू लागले. पाठ थोडी वाकलेली, हात रिकामे.

"दाजी सायकल विसरले," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

पोरीने भिंतीला लावलेल्या सायकलीकडे बघितले. "देऊन येऊ का, बाबा?"

"नको," मेव्हणा म्हणाला. "चालू दे त्यांना."

साहेब लोकांना काहीतरी सांगू लागले होते. खुर्च्या पुन्हा सरकल्या, ड्रायव्हर पसरलेली तार गोळा करू लागला. मेव्हणा उठून फाटकापर्यंत गेला. रंगवलेली पाटी त्याने दोन्ही तळव्यांत धरली होती. रस्त्यावर टँकर जात होते, मधे मधे दाजी त्यांच्याआड दिसेनासे होत आणि पुन्हा दिसत, दर वेळी थोडे लहान. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. मेव्हणा तिथेच उभा राहिला. पोर त्याच्या मागे दोन पावलांवर थांबली होती. ती आधी बापाकडे बघत होती, मग तीही रस्त्याकडे बघू लागली. शेवटच्या टाकीपाशी रस्ता वळतो, तिथे दाजी वळले.